सराफाच्या काट्यावर सेल

गेले तीन शनिवार काही लिहिलं नाही. आळस होताच, पण तो नेहमीचा. खरं कारण असं की जे लिहायचं होतं त्यात चूक सगळी माझी होती, आणि स्वतःची चूक लिहायला जरा धीर लागतो. आता बाबांच्या बोटांची कातडी परत आली आहे, ते पुन्हा चिमटा धरायला लागले आहेत, तेव्हा लिहायला हरकत नाही.

तर विषय आहे सेल. घड्याळातले नव्हेत, मोठे. रिचार्जेबल लिथियम सेल, जे टॉर्चमध्ये आणि जास्त पॉवरच्या हातातल्या लेझरमध्ये घालतात. तुम्ही म्हणाल, हा काय विषय आहे का वीकेंडला वाचायचा? मलाही तसंच वाटायचं. म्हणूनच तर घोळ झाला.

आमचं घर गुलमंडीवर. सुपारी हनुमानाच्या आरतीची घंटा खिडकी बंद असली तरी ऐकू येते एवढ्या अंतरावर, एका बोळात. खाली बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. मी पुण्याला हिंजवडीत कोड लिहितो आणि महिन्यातून दोन वीकेंड घरी येतो. बाकी गावातली सगळी पोरं निराला बाजार आणि कॅनॉटला जातात, पण आमचा शाळेतला ग्रुप अजून गुलमंडीच्या कोपऱ्यावर उभं राहूनच चहा पितो. याच ग्रुपची एक जुनी हौस आहे. दर डिसेंबरात गल्लीतली पाच-दहा पोरं गाडीत कोंबायची आणि खुलताबादच्या पुढे म्हैसमाळला न्यायची, आकाश दाखवायला. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, पण तिथे गेलं की कृत्तिका डोळ्यांनी मोजता येतात.

ज्यांनी कुणी पोरांना आकाश दाखवलंय त्यांना एक अडचण माहीत असेल. "ती बघ रोहिणी, त्या झाडाच्या वर... अगं ते नाही, त्याच्या डावीकडे..." यात अर्धी रात्र जाते. बोट दाखवणाऱ्याचं बोट त्याच्या जागेवरून बरोबर असतं, बघणाऱ्याच्या जागेवरून चुकीचं. यावर उपाय म्हणून मी चार वर्षांपूर्वी एक हिरवा लेझर मागवला होता. बटण दाबलं की हिरवी काठी थेट ताऱ्यापर्यंत गेल्यासारखी दिसते आणि पोरं एकदम "ओऽऽऽ" करतात. आता खरं सांगायचं तर तो "ओऽऽऽ" मला ताऱ्यांपेक्षा जास्त आवडायला लागला होता. लेझरच्या अंगावर ५० मिलीवॅट असं लिहिलेलं होतं. शाळेत मास्तर वापरतात तो पॉइंटर पाचच्या खाली असतो. म्हणजे आपला दहापट. आहे की नाही भारी? :)

तर गेल्या डिसेंबरात म्हैसमाळला कडाक्याची थंडी होती. सुरुवातीला लेझर झकास चालला. कृत्तिका झाल्या, रोहिणी झाली, मृगाच्या पोटातल्या बाणापर्यंत आलो आणि काठी फिकी पडत पडत जवळजवळ दिसेनाशी झाली. माझा भाचा (वय ९) म्हणाला, "मामा, याची बॅटरी मेली." मी म्हणालो, "हो रे, मेली."

इथे माझी पहिली चूक. ऑफिसात एखादा ज्युनियर येऊन "सर्व्हर स्लो आहे, रॅम वाढवू या" म्हणाला तर मी त्याला विचारतो, लॉग बघितलास का? मोजलंस का? आणि इथे मी नऊ वर्षांच्या पोराचं निदान ऐकून, त्याच रात्री गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवरून सेल ऑर्डर केला. एका साइटवर होता, कुठल्या ते जाऊ द्या. दोन सेल आणि चार्जर फुकट. सेलवर आकडा होता ९८०० एमएएच. जुन्यावर २६०० होता. जवळजवळ चौपट, आणि किंमत जुन्यापेक्षा कमी. इंजिनिअरिंगची चार वर्षं, नोकरीची सहा वर्षं, आणि मनात शंकेची पाल चुकचुकली नाही. माणूस डिस्काउंट दिसला की कसा होतो बघा.

पार्सल गुलमंडीच्या पत्त्यावर आलं. पुढच्या शनिवारी मी घरी आलो. रात्री वरच्या सगळ्या प्लगांत कुणाकुणाचे मोबाईल लागलेले, म्हणून चार्जर खाली दुकानात, बाबांच्या बाकावर लावला, त्यात एक सेल घातला आणि झोपलो.

सकाळी सात-साडेसातला बाबा खाली गेले. शटर वर केलं, झाडलं, उदबत्ती लावायला काडेपेटी हातात घेतली आणि त्यांना फुस्स असा आवाज आला. कुकरची शिट्टी येण्याआधी येतो तसा. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास. चार्जरमधल्या सेलचं वेष्टण फुगून फाटलेलं आणि टोकातून धूर. आता घड्याळजीच्या बाकावर काय काय असतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. घड्याळाचे भाग धुवायला पेट्रोल लागतं. त्याची बाटली चार्जरपासून हातभर अंतरावर होती. खाली अंथरलेलं फडकं. आणि काचेच्या वाट्यांखाली झाकून ठेवलेली लोकांची उघडी घड्याळं.

बाबांनी काडेपेटी खिशात टाकली, प्लग उपटला, आणि पेट्रोलकडे एकदा बघून तो सेल सरळ अंगठ्याने आणि तर्जनीने उचलून बाहेर तुळशीच्या कुंडीत टाकला.

मी आरडाओरडा ऐकून खाली आलो असं लिहायला बरं वाटलं असतं. पण बाबांनी आरडाओरडा केलाच नाही. मी खाली आलो तेव्हा ते नळाखाली हात धरून उभे होते. मला म्हणाले, "ते बाकावर काय लावून ठेवलं होतं रे?" बस, एवढंच.

दोन्ही बोटांच्या टोकांना टरारून फोड आले. उजवा हात. चिमटा धरायची, हेअरस्प्रिंग उचलायची नेमकी तीच दोन बोटं. डॉक्टरांनी तीन आठवडे काम बंद सांगितलं. बाबा मला म्हणाले, "गिऱ्हाइकांना फोन करून सांग, उशीर होईल म्हणावं." सोळा फोन केले मी. सोळाव्या फोनवर एक आजोबा म्हणाले, "काही हरकत नाही, जनता घड्याळ आहे, चाळीस वर्षं थांबलं, अजून थोडं थांबेल. वडिलांना जपा." त्यानंतर मला बराच वेळ काही सुचलं नाही.

(सांगून ठेवतो. असं झालं तर हात लावायचा नाही. वीज बंद करायची, माणसं लांब करायची, आणि मग पाणी, भरपूर पाणी. विमानातल्या कर्मचाऱ्यांना असे सेल पाणी ओतून थंड करायलाच शिकवतात. पण शेजारी पेट्रोल असताना हे वाक्य बाबांना ऐकवायची माझी हिंमत नाही.)

*

दोन-तीन दिवस मी त्या प्रकाराकडे बघतच नव्हतो. वर्क फ्रॉम होम घेतलं होतं, बाबांचं जेवण-बिवण बघत होतो. एका संध्याकाळी बाबाच म्हणाले, "तो दुसरा सेल आण." डाव्या हातात घेऊन त्यांनी तो तोलला. मग माझ्या टॉर्चमधला जुना सेल मागितला, तो तोलला. म्हणाले, "हा हलका लागू राहिला. सराफ्यात जाऊन ये."

सराफा आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. तिथे माझा शाळेतला मित्र त्यांच्या पिढीजात दुकानात बसतो. लगीनसराईची गर्दी, आणि मी काउंटरवर दोन सेल ठेवले. त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस. पण काटा शून्य करून सेल ठेवला. नवा, ९८०० वाला : ३१.२ ग्रॅम. जुना, २६०० वाला : ४६.४ ग्रॅम. मित्र म्हणाला, "सोनं असतं तर याला मी दुकानात उभं केलं नसतं."

मंडळी, सगळी गोष्ट त्या काट्यावरच कळण्यासारखी आहे. या मापाच्या सेलला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. डबा ठरलेला, त्यामुळे आत मावणारा मालही साधारण ठरलेला. चांगल्या कंपनीचा या मापाचा सेल ४५ ते ४९ ग्रॅम भरतो आणि त्यात ३४००-३५०० एमएएच भरले की आजच्या घडीला जवळपास मर्यादा आली. सोनीने १९९१ मध्ये पहिला लिथियम आयन सेल बाजारात आणला तेव्हापासून ही मर्यादा जगभरातले शास्त्रज्ञ दरवर्षी थोडी थोडी पुढे ढकलतायत. या सेलच्या मुळाशी असलेल्या संशोधनाला २०१९ चं नोबेल मिळालं, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना. ३५०० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे साडेबारा वॉट-अवर. आता तोच हिशोब ९८०० ला लावा. पस्तीस-छत्तीस वॉट-अवर, आणि वजन मात्र ३१ ग्रॅम! म्हणजे नोबेलवाल्यांना जे जमलं नाही ते माझ्या साइटवरच्या अज्ञात विक्रेत्याने दोन नग आणि चार्जर फुकट देऊन जमवलं. हे गणित दहावीचं पोर करेल. मी केलं नाही.

नंतर एक क्षमता मोजणारा चार्जर आणला (आधी आणायला हवा होता) आणि तो उरलेला सेल अंगणात, कुंडीत ठेवून, बादली शेजारी घेऊन मोजला. ११४० एमएएच. असे सेल बहुतेक वेळा जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले किंवा कारखान्यात नापास झालेले असतात आणि वर नवं वेष्टण चढवतात. लिथियम सेल एकदा फार खाली उतरला, म्हणजे दोन-अडीच व्होल्टच्याही खाली बराच काळ पडून राहिला, की आतल्या पट्टीचं तांबं विरघळायला लागतं. मग चार्ज करताना ते तांबं नको तिथे परत जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. वरून काही कळत नाही. आपण झोपलेलो असतो.

बाबांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "आमच्याकडे पण असंच आहे की." मग त्यांनी मला ड्रॉवरमधून घड्याळातले दोन बारीक सेल काढून दाखवले. दिसायला सारखे, मापाला सारखे, दोन्ही घड्याळात चपखल बसतात. एक सिल्व्हर ऑक्साइडचा, ३७७ नंबर. दुसरा साधा अल्कलाइन, निम्म्याहून स्वस्त. पहिला १.५५ व्होल्ट शेवटपर्यंत धरून ठेवतो. दुसऱ्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो, घड्याळ मागे पडतं, आणि एक दिवस सेल फुटून आतलं मशीन खाऊन टाकतो. बाबा म्हणाले, "गिऱ्हाइकाला माप कळतं. पोटातलं कळत नाही. ते आपल्याला कळायला पाहिजे."

*

तर पोटातलं कळून घ्यायला मी मग तीन आठवडे लावले. जे कळलं ते थोडक्यात सांगतो. ज्यांच्याकडे असा लेझर किंवा दणकट टॉर्च आहे त्यांनी ही सगळी भानगड करण्याआधी वाचावं.

आधी यंत्राला किती करंट लागतो ते बघायचं. दीड-दोन वॉटचे निळे लेझर असतात, त्यांच्या डायोडला चार ते पाच व्होल्ट आणि साधारण दीड अँपिअर लागतो. लिथियमचा एक सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट आणि संपताना तीनच्या आसपास. म्हणजे एका सेलवर चालवायचं तर आतलं सर्किट व्होल्टेज वाढवून देतं, आणि सेल जसा रिकामा होत जातो तसं ते जास्त करंट ओढतं. दोन अँपिअरवरून अडीच, पावणेतीन. दमलेल्या बैलाला आणखी ओझं, असा प्रकार. इथे फक्त एमएएच बघून चालत नाही, सेल सलग किती अँपिअर देऊ शकतो हा आकडा बघावा लागतो. उदाहरणार्थ सॅमसंगचा ३०क्यू : ३००० एमएएच आणि १५ अँपिअर. एलजीचा एचजी२ : तेवढीच क्षमता, २० अँपिअर. पॅनासॉनिक-सान्योचा जीए : सुमारे ३४५० एमएएच, पण १० अँपिअर. क्षमता वाढते तिथे जोर सहसा कमी होतो. दोन्ही भरपूर असल्याचा दावा दिसला की समजायचं, काट्यावर ठेवायची वेळ आली.

दुसरं, व्होल्टेज. १६३४० नावाचा बुटका रिचार्जेबल सेल आणि कॅमेऱ्यातला ३ व्होल्टचा एकदा वापरून फेकायचा सीआर१२३ए, हे एकमेकांच्या जागी बसतात. सहा व्होल्टसाठी बनवलेल्या यंत्रात दोन रिचार्जेबल घातले की ८.४ व्होल्ट जातात आणि डायोड कायमचा आंधळा होतो. आयर्न फॉस्फेटचा सेल सगळ्यांत शांत स्वभावाचा, तापला तरी सहजी पेटत नाही, पण तो ३.२ व्होल्टचा. त्याला ४.२ वाल्या चार्जरमध्ये घालायचं नाही आणि ३.७ वाल्या यंत्रात त्याच्याकडून पूर्ण उजेडाची अपेक्षा करायची नाही. बसतंय म्हणजे चालतंय असं नाही!

तिसरं, जोडी. ज्या यंत्रात दोन सेल एकामागे एक बसतात, तिथे दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, एकाच जातीचे, एकदमच चार्ज केलेले हवेत. एक जुना एक नवा घातला की जुना आधी संपतो आणि नवा त्याला उलट्या दिशेने ढकलत राहतो. बंद नळीत हे फार वाईट.

चौथं, सर्किट. काही सेलच्या बुडाशी छोटं संरक्षक सर्किट असतं. जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज किंवा शॉर्ट झाला तर ते तोडतं. त्यामुळे सेलची लांबी ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर होते आणि काही नळ्यांत तो बसतच नाही. मग लोक बिनसर्किटचा घालतात. एक सेल असलेल्या यंत्रात घरातल्या माणसांसाठी मी तरी सर्किटवालाच घेईन. आणखी एक गंमत : मोठ्या कंपन्या हे सेल मुळात लॅपटॉप, सायकली, अवजारांच्या पॅकसाठी बनवतात, सुटे ग्राहकाच्या हातात द्यायला नव्हे. त्यामुळे नावाजलेल्या टॉर्च कंपनीने स्वतःचं सर्किट आणि वेष्टण चढवून, स्वतःच्या नावावर विकलेला सेल थोडा महाग पडला तरी घ्यावा.

पाचवं, चार्जर. आधी ठरावीक करंट, मग ४.२ व्होल्टला पोचल्यावर तोच व्होल्टेज धरून करंट हळूहळू उतरवायचा आणि मग थांबायचं, हे त्याचं काम. फुकटातला चार्जर थांबतो की नाही हे मल्टिमीटर लावल्याशिवाय कळत नाही. माझ्या फुकटातल्या चार्जरने रिकाम्या खाचेतच ४.३५ व्होल्ट दाखवले. म्हणजे सेल भेसळीचा आणि चार्जर अडाणी, छत्तीस गुण जुळले होते.

आणि शेवटचं, नाव-पत्ता. आपल्याकडे लिथियम सेलला बीआयएसची सक्तीची नोंदणी आहे, मानक आयएस १६०४६. अंगावर आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम. यावर माझ्या टीममधला एक जण म्हणाला, "ब्रँडेडही फुटतात की!" फुटतात. २००६ मध्ये सोनीने बनवलेल्या सेलमध्ये धातूचे सूक्ष्म कण राहिले होते आणि एकट्या डेलला लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. पण शब्द बघा : परत मागवाव्या लागल्या. कुठला सेल कुठल्या खेपेतला हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं, आणि ज्याला जाब विचारता येईल असं कुणीतरी होतं. माझ्या विक्रेत्याचं पान मी चार दिवसांनी उघडलं तर ते गायब होतं. बाबांचं दुकान एकाच बोळात चाळीस वर्षं आहे. चुकलं तर गिऱ्हाईक त्याच पायरीवर येऊन उभं राहतं. गॅरंटी कार्ड आमच्याकडे कधीच नव्हतं.

*

आता सगळ्यांत लाजिरवाणा भाग. मुद्दाम शेवटी ठेवला.

चांगले सेल आले. बीआयएस नंबर तपासला, काट्यावर ४७.८ आणि ४७.९ ग्रॅम, मोजणीत ३३०० च्या वर. एक लेझरमध्ये घातला आणि एवढं सगळं केलंच आहे तर म्हणून लेझरच्या मागे मल्टिमीटर लावून तो किती करंट ओढतो ते बघितलं.

०.३८ अँपिअर.

फक्त! म्हणजे जुना २६०० वाला सेल सलग सहा-सात तास पुरला असता. आणि मी तो वर्षाकाठी वापरतो किती, तर सगळा मिळून एखादा तास. मग म्हैसमाळला तो मेला कसा? जुना सेल मोजला. २३१० एमएएच, ठणठणीत. तोच लेझरमध्ये घातला आणि लेझर वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर काढून भिंतीवर मारला, फिका. दहा मिनिटं खिशात ठेवला, पुन्हा झगझगीत.

सेल मेलाच नव्हता. लेझर गारठला होता. या प्रकारच्या हिरव्या लेझरमध्ये हिरवा उजेड थेट तयार होत नाही. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचे अवरक्त किरण सोडतो, एक स्फटिक त्यांचे १०६४ करतो, दुसरा त्याचे निम्मे करून ५३२ करतो, तो आपला हिरवा. थंडीत डायोडची तरंगलांबी सरकते, पहिल्या स्फटिकाला ती नीट शोषता येत नाही आणि सगळी साखळी ढेपाळते. उपाय एकच : दोन वाक्यांच्या मध्ये लेझर स्वेटरच्या आत ठेवायचा. फुकट. सेल बदलायची गरजच नव्हती. बाबांची बोटं एका न झालेल्या बिघाडापायी भाजली.

हे त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. सांगितल्यावर ते म्हणाले, "घड्याळ बंद पडलं म्हणून आलेल्या दर चार माणसांत एकाचं नुसती चावी बाहेर राहिल्यामुळे बंद असतं. आधी चावी बघायची." आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

मग मी आणखी एक गोष्ट बघितली, जी चार वर्षांपूर्वी बघायला हवी होती. पाच मिलीवॅटच्या वरचा लेझर तिसऱ्या वर्गाच्या 'बी' गटात जातो. थेट डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत पडद्याला इजा. अर्ध्या वॉटच्या वर चौथा वर्ग, तिथे भिंतीवरून परतलेला उजेडही धोक्याचा. आणि स्वस्तातल्या हिरव्या लेझरमध्ये अवरक्त किरण गाळणारी काच नसली तर ते डोळ्यांना न दिसता बाहेर येतात, त्यांना तर पापणी मिटतही नाही. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर मिरवणुकीतल्या लेझरने डोळे गेलेली तरुण पोरं नेत्रतज्ज्ञांकडे आल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या, २०२४ मध्ये पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीत लेझर बीमला बंदी घातली तेव्हा मीही "बरं झालं" म्हणालो. आणि माझ्या कपाटात ५० मिलीवॅटचा पडलेला, जो मी दर डिसेंबरात अंधारात दहा पोरांच्या मधोमध हलवत होतो. त्या "ओऽऽऽ" साठी.

आता तो लेझर कपाटात आहे, सेल काढून. जानेवारीत आम्ही परत म्हैसमाळला गेलो, या वेळी पाच मिलीवॅटच्या आतला छोटा पॉइंटर घेऊन. अमावस्येच्या आसपासची रात्र होती, काठी बारीक पण स्वच्छ दिसली. पोरांनी "ओऽऽऽ" केलं, जरा लहान केलं, पण मृगाचा बाण आणि व्याध दोन्ही पूर्ण झाले. मधे मधे पॉइंटर स्वेटरच्या आत. त्याला साधे बारीक दोन पेन्सिल सेल लागतात, बाबांच्या दुकानात भिंतीवरच्या घड्याळांसाठी असतात ते.

नवे लिथियम सेल टॉर्चमध्ये गेले. चार्जर आता अंगणात, फरशीवर, आम्ही जागे असतानाच. उन्हाळ्यात गाडीत सेल ठेवायचा नाही, महिनोन्‌महिने ठेवायचा तर अर्धा भरून, आणि मेलेला सेल टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्यायचा, घंटागाडीत नाही. एवढे नियम आईने फ्रिजवर लावून घेतलेत.

बोटं बरी झाल्यावर बाबांनी पहिलं काम काय केलं असेल? मला वाटलं ते जनता घड्याळ. पण त्यांनी माझे दोन्ही लिथियम सेल मागून घेतले, भिंग डोळ्याला लावलं, आणि बारीक मार्करने प्रत्येकावर तारीख लिहिली, गिऱ्हाइकांच्या घड्याळात सेल टाकताना लिहितात तशी. तारखेखाली मी मोजलेला आकडा लिहायला लावला. मी विचारलं, हे कशाला?

म्हणाले, "पुढच्या वेळी मेला असं वाटलं तर आधी हे वाच."

अक्षर थोडं वाकडं आलंय. अंगठ्याला अजून नीट स्पर्श कळत नाही म्हणतात. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणालेत.